सातवा दिवस कोणाचा?
शब्बाथाचा उगम, ख्रिस्ती आचार आणि चौलची साक्ष

रविवारी सकाळी विहारात वंदनेसाठी जमलेल्या उपासकांपैकी एखादा जिज्ञासू तरुण कधी ना कधी हा प्रश्न विचारतोच : "रविवार हा तर ख्रिस्ती लोकांचा प्रार्थनेचा दिवस. आपला दिवस उपोसथाचा. मग आपण रविवारी का जमतो?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर 'सुटी असते म्हणून' एवढ्यावर भागवता येत नाही. कारण ही सुटी कोठून आली, ती कोणी कोणासाठी मागितली आणि ती कोणाला नाकारली गेली, हा मोठा इतिहास आहे. त्याचे मूळ यहुदी धर्मातील शब्बाथात आहे. त्याचा विस्तार ख्रिस्ती धर्मात झाला. आणि त्याचा महाराष्ट्रातील एक धागा रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, चौलच्या परिसरात सापडतो. प्रस्तुत लेखात हा इतिहास एकाच कसोटीवर तपासावयाचा आहे : विश्रांतीचा जो दिवस पवित्र मानला गेला, त्या दिवशी सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाला विश्रांती मिळाली काय?

चौलचा घाणा

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणारा रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून चौलला येतो. आज शांत वाटणारे हे गाव एके काळी पश्चिम किनाऱ्यावरील अग्रगण्य बंदर होते. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथातील सेमुल्ला, टॉलेमीच्या भूगोलातील सिमुल्ला आणि अरब लेखकांचे सैमूर ते हेच, असे अभ्यासक मानतात. बौद्ध इतिहासाच्या अभ्यासकाला हे गाव 'चेमुला' या नावाने परिचित आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत चेमुला येथील दात्यांचा उल्लेख असून त्यांत सोनाराचा व्यवसाय करणारे कुटुंबही आहे. बंदराच्या संपत्तीचा काही अंश अशा प्रकारे भिक्षुसंघाच्या सेवेस लागत होता.

याच परिसरात बेने इस्रायल समाजाची जुनी वस्ती होती. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचे गलबत चौलच्या उत्तरेस किहीमजवळ नवगाव येथे फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले. पुढे हा समाज कुलाबा जिल्ह्यातील गावोगाव पसरला आणि त्या त्या गावांवरून किहीमकर, रोहेकर, पेणकर, चेऊलकर अशी आडनावे धारण करून मराठी बोलू लागला. त्यांचा मुख्य व्यवसाय तेल काढण्याचा. परंतु इतर तेल्यांहून एक भेद होता. शनिवारी ते घाणा जुंपत नसत. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते 'सोमवार तेली'. जातीची नावे व्यवसायावरून पडतात हे आपण जाणतो. येथे मात्र व्यवसायाच्या नावाला विसाव्याचा वार चिकटला.

या समाजाजवळ शतकानुशतके ग्रंथ नव्हता, प्रशिक्षित धर्मगुरू नव्हता, हिब्रू भाषाही राहिली नव्हती. उरले होते ते मोजकेच : शनिवारची विश्रांती, सुंता, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि 'शेमा' या प्रार्थनेचे काही शब्द. परंपरा सांगते की, दाविद रहाबी नामक यहुदी गृहस्थाने याच खुणांवरून त्यांना ओळखले. हा रहाबी कोणत्या शतकातला, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीस मायमोनिडीज या थोर यहुदी पंडिताने एका पत्रात लिहिले होते की, हिंदुस्थानातील यहुद्यांना लिखित धर्मशास्त्राचे ज्ञान नाही. शब्बाथाची विश्रांती आणि आठव्या दिवशीची सुंता एवढेच ते पाळतात. हे वर्णन कोकणातील समाजाचेच आहे असे निश्चयाने म्हणता येत नसले, तरी ते त्यांना तंतोतंत लागू पडते. इ. स. १७३८ मध्ये सार्टोरियस या मिशनऱ्याच्या पत्रात या समाजाचा स्पष्ट उल्लेख येतो. १७९६ मध्ये सामाजी दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेवदंडा व अलिबाग येथेही प्रार्थनामंदिरे झाली.

ग्रंथ बुडाला तरी दिवस टिकला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. धर्म ग्रंथात असतो त्याहून अधिक आचारात टिकतो, असा त्याचा अर्थ आहे. आणखी एक गोष्ट पाहावी. घाणा थांबला म्हणजे केवळ तेली थांबत नाही. डोळ्यांना झापड बांधून दिवसभर गोल फिरणारा बैलही थांबतो. शब्बाथाच्या मूळ आज्ञेत बैलाचा उल्लेख आहे, हे आता पाहू.

एका आज्ञेची दोन कारणे

'शब्बाथ' हा शब्द थांबणे, काम सोडणे या अर्थाच्या हिब्रू धातूशी निगडित आहे. बाबिलोनी भाषेत 'शपत्तु' असा त्याच्यासारखा शब्द असून तो महिन्याच्या पंधराव्या, म्हणजे पौर्णिमेच्या दिवसासाठी योजलेला आढळतो. यशया, आमोस इत्यादी संदेष्ट्यांच्या ग्रंथांतही अमावास्येनंतरचे नवचंद्रदर्शन आणि शब्बाथ ही जोडी एकत्र येते. यावरून शब्बाथ मुळात चंद्राच्या कलांशी बांधलेला असावा आणि पुढे तो चंद्रापासून सुटून अखंड सात दिवसांच्या गणनेत बसला असावा, असे काही अभ्यासकांनी सुचविले आहे. हे अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे. उपोसथाच्या पौर्णिमेशी त्याचे साम्य चित्तवेधक असले तरी तेवढ्यावरून एकाचा दुसऱ्यापासून उगम झाला असे म्हणणे अशास्त्रीय होईल.

मोशेच्या दहा आज्ञा बायबलमध्ये दोन ठिकाणी दिल्या आहेत. एकदा 'निर्गम' या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात आणि पुन्हा 'अनुवाद' या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात. शब्बाथ पाळावा ही आज्ञा दोन्हींत आहे. पण तिचे कारण दोन्हींत वेगळे आहे. निर्गमात कारण असे की, परमेश्वराने सहा दिवसांत आकाश, पृथ्वी व समुद्र निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादात सृष्टीच्या उत्पत्तीचा उल्लेखच नाही. तेथे सांगितले आहे की, तुझा दास व दासी यांनाही तुझ्याप्रमाणेच विसावा मिळावा. तू स्वतः मिसर देशात दास होतास, याची आठवण ठेव. बैल, गाढव आणि दाराशी आलेला परका हेही त्या विसाव्याचे हक्कदार आहेत. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायातही बैल, गाढव, दासीपुत्र व परका यांच्यासाठीच सातवा दिवस सांगितला आहे. बहुसंख्य अभ्यासकांच्या मते सृष्टीच्या उत्पत्तीचे कारण बाबिलोनच्या बंदिवासाच्या आसपास, म्हणजे इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या सुमारास याजकवर्गाकडून जोडले गेले.

आपल्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा आहे. पहिले कारण सृष्टिकर्त्या ईश्वरावर उभे आहे. तथागतांनी ईश्वराचे सृष्टिकर्तृत्व नाकारले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्या नकाराची सविस्तर मांडणी केली. म्हणून ते कारण बौद्धांना मान्य होण्याजोगे नाही. दुसरे कारण मात्र दास्याच्या स्मृतीवर उभे आहे. जो स्वतः राबला, त्याने आपल्या हाताखाली राबणाऱ्याला विसावा द्यावा, हे मानवी कारण आहे. त्याला ईश्वराची साक्ष लागत नाही.

आमोस हा संदेष्टा इ. स. पूर्व आठव्या शतकातला. शब्बाथ केव्हा एकदा संपतो आणि लहान माप व खोटा तराजू घेऊन आपण धान्य विकायला केव्हा बसतो, अशा उतावीळ व्यापाऱ्यांवर त्याने कोरडे ओढले. म्हणजे बाह्य आचार पाळून गरिबाला नाडण्याची सोय त्याही काळी झालेली होती.

शब्बाथापासून प्रभूच्या दिवसाकडे

येशू हा यहुदी होता आणि शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात जाण्याचा त्याचा परिपाठ होता, असे लूकच्या शुभवर्तमानात म्हटले आहे. त्याचा विरोध दिवसाला नव्हता, दिवसाभोवती वाढलेल्या निर्बंधांना होता. भुकेल्या शिष्यांनी शेतातून जाताना कणसे मोडली, अठरा वर्षे कंबरेत वाकलेल्या स्त्रीला त्याने सरळ उभे केले, आणि दोन्ही प्रसंगी शब्बाथ मोडल्याचा आरोप झाला. माणूस शब्बाथासाठी नसून शब्बाथ माणसासाठी आहे, असा त्याच्या उत्तराचा आशय मार्कने नोंदविला आहे. वाकलेल्या स्त्रीच्या प्रसंगी त्याने दिलेला दाखला तर घाण्याजवळ बसून ऐकावा असा आहे : तुम्ही शब्बाथाच्या दिवशी आपला बैल गव्हाणीतून सोडून पाण्यावर नेता; मग या बाईला बंधनातून का सोडू नये?

येशूच्या मृत्यूनंतर त्याचे अनुयायी आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडण्यासाठी एकत्र येऊ लागले; त्या दिवशी त्याचे पुनरुत्थान झाले, अशी त्यांची श्रद्धा होती. प्रेषितांची कृत्ये आणि करिंथकरांस लिहिलेले पौलाचे पहिले पत्र यांत या दिवसाचा निर्देश आहे. प्रकटीकरणात 'प्रभूचा दिवस' हा शब्दप्रयोग येतो. दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी अंत्युखियाच्या इग्नाशियसने शब्बाथ सोडून प्रभूच्या दिवसानुसार जगणाऱ्यांची भलावण केली, आणि त्याच शतकाच्या मध्यास रोम येथे जस्टिनने सूर्याच्या दिवशी भरणाऱ्या सभेचे वर्णन लिहून ठेवले.

परंतु या आरंभीच्या ख्रिस्ती लोकांचा रविवार हा सुटीचा दिवस नव्हता. रोमन साम्राज्यात त्या दिवशी काम चालूच असे. इ. स. ११२ च्या सुमारास प्लिनी या रोमन अधिकाऱ्याने सम्राटाला कळविले की, हे लोक ठराविक दिवशी पहाट होण्यापूर्वी जमतात. अधिक माहिती काढण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला. त्या दोघी त्या मंडळीत सेविकेचे पद सांभाळीत होत्या. दिवसभर मालकाचे काम असणाऱ्यांना सूर्योदयापूर्वीचीच वेळ आपली म्हणता येत होती, हे येथे सहज समजते.

रविवार हा विश्रांतीचा दिवस झाला तो राजाज्ञेने. इ. स. ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने फर्मान काढले की, सूर्याच्या पूज्य दिवशी न्यायाधीशांनी, नगरवासीयांनी व कारागिरांनी विसावा घ्यावा. त्याच फर्मानात पुढे शेतकऱ्यांना शेतीचे काम करण्याची मुभा दिली होती. पेरणीचा हंगाम हुकू नये हे कारण. मुभा या शब्दाचा अर्थ कुळाच्या आणि शेतावरच्या दासाच्या बाबतीत काय होतो, हे कोकणातील खोतीचा अनुभव असलेल्या वाचकाला सांगणे नलगे. अनुवादातील आज्ञा दासापासून सुरू झाली होती. सम्राटाचा कायदा न्यायाधीशापासून सुरू झाला आणि शेतमजुराच्या बांधावर येऊन थांबला.

चौथ्या शतकातच लाओदिकियाच्या धर्मसभेने शनिवारी यहुद्यांप्रमाणे विसावा घेण्यास ख्रिस्ती लोकांना मनाई केली. इ. स. ५३८ मध्ये ऑर्लेआंच्या धर्मसभेने रविवारी शेतकाम वर्ज्य ठरविले. लोकांना प्रार्थनेस येता यावे हा त्यामागील हेतू होता. विसाव्याचे कारण आता दासाचे श्रम हे राहिले नव्हते. ते उपासनेची हजेरी हे झाले होते. पुढे सतराव्या शतकात इंग्लंडमधील प्युरिटन पंथीयांनी रविवारलाच शब्बाथ म्हणून त्याचे कडक नियम केले. याउलट बायबलात सातवा दिवस म्हणजे शनिवारच आहे असे मानणारे पंथही निघाले. अमेरिकेत १८६३ मध्ये संघटित झालेला सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथ त्यांपैकी होय. पुण्यातील स्पायसर ही त्यांचीच शिक्षणसंस्था. इथिओपियाच्या ख्रिस्तसभेने तर शनिवार व रविवार या दोहोंचाही मान राखला. ख्रिस्ती श्रद्धेत या प्रश्नावर आजही एकवाक्यता नाही.

तटाच्या आतला रविवार

हा ख्रिस्ती रविवार सोळाव्या शतकात चौलला पोहोचला. निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये येथे किल्ला बांधावयास घेतला. वरचे चौल निजामशाहीकडे राहिले आणि खालचे चौल, म्हणजे आजचा रेवदंडा, पोर्तुगीजांचे तटबंद नगर झाले. त्यात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट अशा संघांची चर्चे व मठ उभे राहिले. त्यांचे पडके अवशेष आजही माडांच्या गर्दीत दिसतात. १७४० मध्ये हे ठाणे मराठ्यांकडे गेले. कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लई गावात राहिलेल्या ख्रिस्ती समाजाने पोर्तुगीजपासून घडलेली आपली बोली मात्र जपली आहे.

पोर्तुगीज भाषेत सोमवार ते शुक्रवार या वारांना दुसरा, तिसरा, चौथा अशी क्रमवाचक नावे आहेत. शनिवारला मात्र 'साबादु', म्हणजे शब्बाथ, आणि रविवारला 'दोमिंगु', म्हणजे प्रभूचा दिवस, असे म्हणतात. ज्या भाषेने शनिवारचे यहुदी नाव जपले, त्याच भाषेच्या राज्यात शनिवार पाळणे हा गुन्हा होता. १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या इंक्विझिशनचा अधिकार पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील सर्व प्रदेशावर, म्हणून चौलवरही, चालत असे. यहुदी धर्मातून सक्तीने ख्रिस्ती केलेल्यांचे वंशज गुप्तपणे जुना धर्म पाळतात काय, हे शोधण्याच्या ज्या खुणा ठरलेल्या होत्या त्यांत शुक्रवारी घर झाडणे व दिवे लावणे, शनिवारी स्वच्छ वस्त्रे नेसणे आणि काम न करणे यांचा समावेश होता. प्रसिद्ध वैद्य गार्सिया द ओर्ता हा बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी जात असे. त्याची बहीण कातारीना हिला १५६९ मध्ये गोव्यात जिवंत जाळण्यात आले आणि १५८० मध्ये ओर्ताच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. आरोप एकच : छुपे यहुदीपण.

तटाच्या आत शनिवार पाळणाऱ्याला चिता, आणि तटाबाहेरच्या गावांत शनिवार पाळणाऱ्या तेल्याला केवळ एक टोपणनाव! या विरोधाभासावरून गावगाड्याच्या सहिष्णुतेचे गोडवे गाण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. गावगाड्याने शनिवार तेल्याला सहन केले ते त्याला जातींच्या उतरंडीत तेल्याची जागा देऊन. आणि त्या उतरंडीची लागण खुद्द शब्बाथ पाळणाऱ्यांनाही झाली. बेने इस्रायलांत 'गोरे इस्रायल' व 'काळे इस्रायल' असे दोन भेद पडले. स्थानिक स्त्रियांच्या संततीला काळे ठरवून त्यांच्याशी रोटीबेटीव्यवहार टाळण्यात येई. दासाला आपल्याबरोबर विसावा द्यावा असे सांगणारा दिवस दोघे पाळीत होते; परंतु एका पंगतीस बसत नव्हते. पुढे १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले, तेव्हा विवाहाच्या प्रश्नावर तेथील धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्याच यहुदीपणाविषयी शंका घेतली. मोठ्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये तेथील संसदेने त्यांना सर्व बाबतींत समान यहुदी म्हणून मान्यता देणारा ठराव केला. ज्यांनी ग्रंथावाचून शब्बाथ जपला, त्यांनाही धर्मबंधूंकडून समता मागूनच घ्यावी लागली.

आणि त्या गावगाड्यात महाराला कोणता वार होता? शनिवार तेल्याला शनिवार होता, सोमवार तेल्याला सोमवार होता. वतनी महाराला एकही नव्हता. वतनाच्या पद्धतीत त्याने आणि त्याच्या कुटुंबाने रात्रीबेरात्री हाकेसरशी हजर राहावयाचे, हाच नियम होता. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. ज्याच्या वाट्याला सात वारांपैकी एकही आला नाही, त्याच्या वंशजाने सातव्या दिवसाचा इतिहास वाचताना हे विसरून चालणार नाही.

उपोसथ आणि उपाशी मजूर

आता आपल्या परंपरेकडे वळू. तिपिटकात उपोसथाचा दिवस वाराने ठरत नाही. चातुद्दसी, पन्नरसी व अट्ठमी या तिथींनी ठरतो. आज प्रचलित असलेले वार भारतात नंतर रूढ झाले. वाराचा निर्देश असलेला सर्वांत जुना सुनिश्चित कालोल्लेख इ. स. ४८४ च्या एरण येथील स्तंभलेखात मिळतो. विनयाच्या महावग्गात उपोसथाच्या प्रारंभाची हकीकत आहे. अन्य पंथांचे परिव्राजक या तिथींना जमून धर्म सांगतात, तसे भिक्षूंनीही करावे, असे राजा बिंबिसाराने सुचविले आणि भगवंतांनी ते मान्य केले. भिक्षू आधी नुसतेच मौन धरून बसत. लोकांनी तक्रार केली तेव्हा धम्म सांगण्याची अनुज्ञा मिळाली. म्हणजे उपोसथ आकाशवाणीने आला नाही; तो लोकांची गरज पाहून, दुसऱ्यांची चांगली प्रथा स्वीकारून आला. या हकीकतीत लपविण्यासारखे काही आहे असे विनयकारांना वाटले नाही.

उपोसथ हा मुळात विश्रांतीचा दिवस नव्हे. तो शीलाचा व जागृतीचा दिवस आहे. मग राबणाऱ्याचे काय? अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात भगवंतांनी विशाखेला तीन प्रकारचे उपोसथ सांगितले आहेत. त्यांत निगंठांच्या उपोसथावर टीका करताना ते दाखवून देतात की, त्या दिवशी गृहस्थ 'माझे काहीच नाही' असे म्हणतो, पण त्याचे दास व कामकरी त्याला आपला धनी म्हणूनच ओळखतात आणि दुसऱ्या दिवशी तो आपली संपत्ती पूर्ववत भोगू लागतो. एका दिवसाच्या सोंगाची पारख धन्याच्या शब्दांवरून नव्हे, सेवकाच्या अनुभवावरून करावी, असाच याचा अर्थ होतो.

जातकातील ४२१ वी गंगमाल-कथा याहून मर्मभेदी आहे. वाराणसीतील एका श्रेष्ठीच्या घरी सर्व माणसे, गुराखीसुद्धा, उपोसथ पाळीत. त्या घरी एक गरीब मजूर नव्याने कामास राहिला. उपोसथाच्या दिवशी तो पहाटेच कामावर गेला. आज उपोसथ आहे हे त्याला कोणी सांगितलेच नाही. दिवसभर राबून संध्याकाळी तो परतला, तेव्हा घरात कोणी जेवत नाही असे त्याला दिसले. कारण कळल्यावर त्याने त्या वेळेपासून अर्धा उपोसथ स्वीकारला आणि त्याच रात्री उपाशीपोटी वेदनांनी त्याचा अंत झाला. त्या पुण्याने तो पुढे राजा झाला, असे कथा सांगते आणि त्या मजुराला बोधिसत्त्व म्हणते. आपण मात्र तिच्यातील एका वाक्यापाशी थांबावे : त्याला कोणी सांगितलेच नाही. शीलवान घरातही मजुराचा विसर पडतो, हे कथाकाराने प्रांजळपणे नोंदविले आहे.

दीघ निकायाच्या सिगालोवाद सुत्तात याचे उत्तर आहे. धन्याने सेवकाशी पाच प्रकारे वागावे : शक्तीप्रमाणे काम सोपवावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे आणि योग्य वेळी मोकळीक द्यावी. पाचव्या कर्तव्यासाठी पाली शब्द आहेत 'समये वोस्सग्गेन'. अट्ठकथेत त्याचे दोन अर्थ दिले आहेत : रोजच्या कामातून वेळेवर सोडणे आणि सणाच्या प्रसंगी सुटी देणे. सृष्टिकर्त्याचा आधार नाही, दंडाचा धाक नाही; धनी व सेवक यांच्या परस्पर कर्तव्याचा हा भाग आहे. अनुवादातील दासाच्या विसाव्याशी बौद्ध विचाराची गाठ पडते ती येथे.

गिरणीचा रविवार

१८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी रविवारच्या शब्बाथाचा उपदेश केला आणि इंग्रज सरकारच्या कचेऱ्या रविवारी बंद राहू लागल्या. गिरण्या मात्र सुरूच होत्या. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणाऱ्या कामगाराला आठवड्याची नियमित सुटी नव्हती. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने लहान मुलांपुरत्या महिन्यातून चार सुट्या दिल्या. महात्मा फुले यांचे सहकारी, सत्यशोधक आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची सभा भरवून सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या ठराविक वेळा, वेळेवर पगार आणि इजा झाल्यास भरपाई या त्यातील मागण्या होत. मालकांनी दाद दिली नाही. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी सर्व गिरणी कामगारांना लागू झाली.

म्हणजे मुंबईच्या कामगाराला रविवार मिळाला तो प्रार्थनेतून नव्हे, सम्राटाच्या फर्मानातूनही नव्हे. तो संघटनेतून मिळाला. त्या रविवारात दासाच्या विसाव्याचा जुना अर्थ पुन्हा जिवंत झाला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामाचे तास कमी करण्याचे धोरण पुढे नेले आणि १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याची मर्यादा ५४ वरून ४८ तासांवर आली.

आपल्या चळवळीच्या तिथी वारांसह तपासून पाहाव्यात. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले, तो रविवार होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, तोही रविवार होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्या दिवशी अशोक विजयादशमी होती आणि रविवारही होता. ज्यांना हाताचे पोट घेऊन दूरवरून यावयाचे होते, त्यांच्या चळवळीला या दिवसाची सोय मोलाची होती. ब्रह्मदेशातील बुद्ध शासन कौन्सिलसाठी तयार केलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी विहारांतून दर रविवारी सामुदायिक वंदना व त्यानंतर प्रवचन सुरू करावे, असे सुचविले होते. बिंबिसाराने परिव्राजकांची प्रथा पाहून जे सुचविले, त्याच जातीची ही सूचना आहे. दुसऱ्यांची प्रथा उपयुक्त असेल तर ती घेण्यात कमीपणा नाही. तिला आपला आशय देता आला पाहिजे.

म्हणून त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर असे द्यावे लागेल : उपोसथ तिथीने पाळावा, तो आपला वारसा आहे. परंतु रविवारही परका नाही. नावाने तो सूर्याचा आहे. गोव्यातील ख्रिस्ती बांधवही त्याला 'आयतार', म्हणजे आदित्यवार, म्हणतात. परंपरेने तो ख्रिस्ती उपासनेचा आहे, हे आदराने मान्य करावे. आणि या महाराष्ट्रात तो श्रमिकाने झगडून मिळविलेला दिवस आहे.

मात्र या उत्तराबरोबर एक जबाबदारी येते. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी धुणीभांडी करण्यास बाई येते, इमारतीच्या दाराशी पहारेकरी उभा असतो, कंत्राटदाराचा सफाई कामगार सकाळी कचरा उचलतो. त्यांपैकी कित्येकजण आपल्याच समाजाचे असतात. रविवारी आपण शुभ्र वस्त्रे परिधान करून विहारात जातो, त्या दिवशी त्या बाईला सुटी असते काय? सुटी घेतली तर तिचा पगार कापला जातो काय? सहा दिवस गोल फिरणाऱ्या बैलाला चौलच्या तेल्याने एक दिवस सोडले, कारण त्याच्या परंपरेत बैलाचाही हक्क लिहिलेला होता. 'समये वोस्सग्गेन' हे दोन शब्द आपल्याही परंपरेत लिहिलेले आहेत. येत्या रविवारी वंदनेला बसण्यापूर्वी ते आपल्या घरात अमलात आले आहेत की नाहीत, हे प्रत्येक उपासकाने व उपासिकेने आपल्या सेवकाला विचारून पाहावे. स्वतःला विचारून या प्रश्नाचे खरे उत्तर मिळत नाही.